विजयदुर्गावर तट दाखवता, आता जहाजंही दाखवा

प्रति,
कोकणातल्या जलदुर्गांवर माहिती सांगणारे वाटाडे, दुर्गसंवर्धनाची मंडळं आणि शाळेच्या सहली घेऊन येणारे शिक्षक,

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राचे. आता नवे फलक लागतील, पुस्तिका छापल्या जातील, मुंबई-पुण्याच्या बसगाड्या वाढतील. फलक कितीही देखणे लावले तरी माणूस घरी जाताना तुमच्या तोंडचंच घेऊन जातो. म्हणून फलकाचा मजकूर ठरवणाऱ्या साहेबांना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

माझी सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत फिटर म्हणून झाली, घर देवगड तालुक्यात. विजयदुर्गाला येणंजाणं नेहमीचं आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं बोलणं घोळक्यात मागे उभं राहून ऐकलेलं. तट किती उंच, बुरूज किती, चुना कसा मळला, भुयार कुठे निघतं, हे तुम्ही रंगवून सांगता. शेवटी फितुरी येते, पेशव्यांना चार शब्द सुनावले जातात आणि मंडळी शहाळं प्यायला निघतात. या सगळ्यात जहाज येतच नाही. आलंच तर ‘आपलं आरमार बलाढ्य होतं’ एवढ्यावर भागतं. कशामुळे बलाढ्य होतं? तोफ कुठे बसवलेली असायची? वारा पडला की काय करायचे? आणि ज्या आरमाराने इंग्रज, पोर्तुगीज, डच या तिघांनाही अर्धशतक दाद दिली नाही, ते एका दुपारी कसं जळून गेलं? फितुरीचं नाव घेतलं की गर्दी हळहळते खरी, पण यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिला मिळत नाही. विजयदुर्गावरून आरमार चालवणाऱ्या आंग्रे सरदारांचं वैभव त्यांच्या जहाजांच्या घडणीत होतं आणि शेवटही बऱ्याच अंशी तिथेच होता, असं माझं मत आहे. ते सांगितलं जावं म्हणून हा खटाटोप.

आधी दोन गोष्टींना रजा द्या. पहिली हेलियमची. १८६८ साली लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञ साहेबाने विजयदुर्गावरून हेलियम वायू शोधला, असं अजूनही छातीठोक सांगितलं जातं. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्येच होता. विजयदुर्गाला तो आला जानेवारी १८९८ मध्ये, वेगळ्या खग्रास ग्रहणासाठी. किल्ल्यावरचे त्याच्या नावाने ओळखले जाणारे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवायचे तर त्या मोहिमेची हकीकत सांगा, ती काही कमी रंजक नाही.

दुसरी गोष्ट पाण्याखालच्या भिंतीची. भिंतीवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काम केलेलं आहे, तेव्हा तिच्याबद्दल जरूर बोला. पण ‘इंग्रजांची जहाजं तिच्यावर आपटून फुटली’ म्हणून टाळ्या घेऊ नका. ज्या दिवशी किल्ल्याचं नशीब फिरलं त्या दिवशी इंग्रजी जहाजं उघड्या समुद्राच्या बाजूने भिडलीच नाहीत. ती वाघोटनच्या खाडीत शिरली आणि उत्तरेच्या अंगाला जाऊन उभी राहिली. तुमचे घोळके मात्र सूर्यास्त दिसतो म्हणून पश्चिमेच्या तटावर उभे असतात.

आता जहाजाकडे येतो. मराठ्यांच्या आरमाराचे दोन खांब होते, घुराब आणि गलबत. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरी असलेला इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने या दोहोंचं बारकाईने वर्णन करून ठेवलंय. शत्रूने लिहिलेलं असल्यामुळे त्यात फुशारकी नाही. घुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, मोठीला तीन. दोन काठ्यांची दीडशे टनांपर्यंत, तीन काठ्यांची तीनशेच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात फार कमी बुडणारी. नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, ते उंच न उठता भूमध्य समुद्रातल्या गॅली या वल्ह्यांच्या जहाजासारखं सरळ पुढे निघालेलं आणि त्याच्या मागे नऊ किंवा बारा रत्तली (म्हणजे पौंडी) गोळ्याच्या दोन तोफा, तोंड थेट पुढे. कुशींना, म्हणजे दोन्ही बाजूंना, सहा ते नऊ रत्तली तोफा. गलबत त्याहून लहान, मोठ्यात मोठं सत्तर टनांचं. त्याला शीड होतंच, पण खरा जोर चाळीस-पन्नास वल्ह्यांचा. वारा नसतानाही ते तासाला चार मैल जायचं.

हे आकडे गर्दीला सांगितले तर ती कंटाळेल असं तुम्हाला वाटतं. लढाई कशी व्हायची ते सांगा, मग कोणी हलणार नाही. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा. मधल्या वेळात हवा पडते. कंपनीचं तीन डोलकाठ्यांचं जहाज अशा वेळी शिडं लोंबकळत ठेवून जागच्या जागी उभं. त्याच्या तोफा दोन्ही कुशींना रांगेने बसवलेल्या, म्हणजे त्या चालवायच्या तर अख्खं जहाज फिरवायला हवं, आणि फिरवायला वारा हवा. आंग्र्यांचा तांडेल, म्हणजे जहाज चालवणारा, हे जाणून होता. खाडीच्या तोंडाशी दबा धरून बसलेली गलबतं दोर टाकून घुराबा ओढत न्यायची आणि त्या जहाजाच्या पाठीमागे नेऊन ठेवायची. मागच्या बाजूला साहेबाच्या फार तर दोन-चार तोफा. घुराबेची नाळ तिकडे वळवून गोळे सोडायचे ते शिडांवर आणि डोलकाठ्यांवर. काठी मोडली की वारा सुटला तरी जहाज लंगडं. मग माणसांनी खचाखच भरलेली गलबतं चहूबाजूंनी भिडायची आणि तलवारी घेऊन वर चढायची. आठ-दहा घुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं असा हा ताफा असे.

यात शौर्य होतंच, पण शौर्य आधी हिशेबात बसवलेलं होतं. जिथे शत्रूची तोफ पोचत नाही तिथे आपली तोफ न्यायची, यासाठी जहाजाचा तळ, नाळ आणि वल्ही घडवलेली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हा विचार लिहून ठेवला आहे. ‘ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र’ हे त्यातलं वाक्य तुम्ही सगळेच म्हणता, आता तर ते बनियनवरही छापतात. त्याच प्रकरणात पुढे घुराबा फार थोर नकोत आणि फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात, आणि वाऱ्याशिवाय कामाला न येणारी मोठी जहाजं करायचं प्रयोजन नाही, अशा अर्थाचा मजकूर आहे. माझ्या मते ‘ज्याजवळ आरमार’पेक्षा हा भाग मोलाचा. युरोपी जहाजं बघून, तोलून, आपल्या किनाऱ्याला काय लागतं ते ठरवलेलं त्यात दिसतं.

खांदेरीला जाणाऱ्यांनी १६७९ ची हकीकत जरा सरळ सांगावी. शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी हे बेट बांधायला घेतलं, तशी इंग्रजांनी नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या होड्यांनी हल्ला केला तेव्हा इंग्रजांचं ‘डव्ह’ हाती लागलं आणि त्यांच्या बाकी होड्या पळाल्या. पण इंग्रज कप्तान केग्विनचं ‘रिव्हेंज’ एकटं उभं राहिलं आणि त्याने आपल्या होड्या मागे हटवल्या, काही बुडवल्यादेखील. हे लपवू नका. कारण खरी गंमत पुढे आहे. उघड्या पाण्यात ‘रिव्हेंज’पुढे टिकाव न लागणाऱ्या त्याच होड्या रात्री उथळ पाण्यातून बेटावर धान्य, माणसं आणि दारूगोळा पोचवत राहिल्या. खोल तळाच्या जहाजांना तिथे पाठलाग करता येईना. शेवटी इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी मराठ्यांची राहिली.

कान्होजी आंग्र्यांच्या काळात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. विजयदुर्गावर १७१७ मध्ये इंग्रज आले, हात हलवत गेले. पुढच्या वर्षी खांदेरीवर तेच. १७२० मध्ये त्यांनी ‘फ्राम’ नावाचा तरंगता तोफखाना बांधून आणला, जाड लाकडाचा सपाट तराफाच म्हणा, वर मोठ्या तोफा. विजयदुर्गापुढे त्याचं काही चाललं नाही. मला या फ्रामचं फार कौतुक वाटतं, म्हणजे आपण तो परतवला याचं आहेच, पण शत्रू गप्प बसला नव्हता, दर खेपेला नवं काहीतरी करून बघत होता, हे त्यातून दिसतं. १७२१ मध्ये इंग्लंडच्या राजाची चार लढाऊ जहाजं आणि पोर्तुगिजांची फौज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आली, तीही फसली. १७२४ मध्ये सात जहाजं घेऊन डच आले. तेही परतले.

मग १७५५-५६ मध्ये वेगळं काय झालं?

राजकारण तुम्ही सांगताच. तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं फाटलं आणि पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. तो निर्णय मराठी राज्याला महागात पडला, याबद्दल माझा वाद नाही. पण पेशव्यांची फौज होती जमिनीवर. पाण्यात जे घडलं ते समजायचं तर तीन गोष्टी हव्यात.

एक म्हणजे उखळी तोफ. भरीव लोखंडी गोळा तटाला भोक पाडतो. उखळीतून उडणारा पोकळ गोळा दारूने भरलेला असतो, वात पेटवून आभाळात उडवायचा, तटावरून आत जाऊन फुटतो. एप्रिल १७५५ मध्ये कंपनीचा आरमारी अधिकारी कमोडोर जेम्स ‘प्रोटेक्टर’ घेऊन सुवर्णदुर्गाच्या अगदी जवळ गेला. असा एक गोळा आत पडला, आग लागली, दारूकोठार उडालं, किल्ला पडला. तट जवळपास तसाच उभा होता. तो आजही उभा आहे आणि आपण त्याचे फोटो काढतो.

दुसरी गोष्ट पाण्याची खोली. दोरीला शिसं बांधून किती वाव पाणी आहे हे बघायचं, इतकं साधं काम. विजयदुर्गाच्या मोहिमेआधी जेम्सलाच पुढे पाठवलं होतं. त्याने येऊन सांगितलं की मोठी जहाजं तटाच्या तोफमाऱ्यात जाऊन उभी राहतील इतकं पाणी तिथे आहे. आधीच्या पन्नास वर्षांत विजयदुर्गाचा दरारा असा की जवळ जाऊन मोजायला फारसं कोणी धजत नव्हतं. दरारा हीसुद्धा तटबंदीच असते, ती त्या दिवशी पडली.

तिसरी गोष्ट जहाजांचा आकार. अॅडमिरल वॉटसनचा ताफा नेहमीच्या कंपनीच्या व्यापारी जहाजांचा नव्हता. ‘केंट’, ‘कंबरलंड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ ही राजाच्या आरमारातली, युरोपात फ्रेंचांशी ओळीने उभं राहून लढायला बांधलेली, ५० ते ७० तोफांची. खालच्या मजल्यावरच्या तोफा २४ रत्तली आणि त्याहून जड. आपल्या घुराबेच्या नाळेवरची बारा रत्तली तोफ अशा जहाजाच्या ओकच्या कुशीला ओरखडे काढणार. शिवाय या वेळी ते एकटं सापडलं नव्हतं, की पाठीमागून जाऊन काठी मोडावी. एकाची पाठ दुसरं राखत होतं.

१२ फेब्रुवारी १७५६. तुळाजी किल्ल्यात नव्हता, बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला होता. दुपारी खारा वारा सुटला तशी वॉटसनची जहाजं खाडीत शिरली. आंग्र्यांचं सगळं आरमार तटाखाली, एकमेकांना खेटून, बांधून ठेवलेलं. संकट आलं की किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयाला यायचं, हा शंभर वर्षांचा नियम आणि तो शंभर वर्षं बरोबर ठरलेला. तोफा सुरू झाल्या. संध्याकाळच्या सुमारास एक उखळी गोळा पडला तो ‘रिस्टोरेशन’वर. हे जहाज तुळाजीने १७४९ मध्ये कंपनीकडूनच जिंकलेलं. ते पेटलं, त्यावरून शेजारचं, त्यावरून पुढचं. खारा वारा चालूच होता. अंधार पडेपर्यंत घुराबा, गलबतं, सगळं संपलं. गोदीत दोन मोठी जहाजं बांधणीला होती, तीही गेली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून वीसेक माणसं.

अर्धशतक जे जहाज वाऱ्यावर मात करत होतं ते नांगरावर बांधून ठेवलं तर त्याचा काय उपयोग? वल्ही आहेत, उथळ तळ आहे, नाळेवर तोफ आहे, पण यातलं काहीच दोर बांधलेल्या घुराबेच्या कामाचं नाही. ती नुसतं लाकूड, डांबर आणि दारू. आज्ञापत्रात पावसाळी छावणीबद्दल सांगताना सगळं आरमार एका जागी ठेवू नये, जागोजागी ठेवावं असं बजावलेलं आहे. ते फेब्रुवारीतही लागू होतं.

आणखी एक. तुळाजीला काळ कळला नव्हता असं म्हणायला मी तयार नाही. ऑर्मच्या म्हणण्याप्रमाणे जळालेल्या ताफ्यात ७४ तोफांचं एक जहाज होतं आणि गोदीतल्या दोन जहाजांचं मी वर लिहिलंच. म्हणजे मोठ्या जहाजांकडे तो वळत होता. गिर्ये गावाजवळ खडक कोरून केलेली आंग्र्यांची गोदी आहे. सहलीच्या बसगाड्या तिच्या जवळून जातात, थांबत नाहीत. मी गोदीतला माणूस आहे म्हणून पक्षपात असेल, पण भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी काढून तळ कोरडा करायचा ही जागा बघितल्याशिवाय विजयदुर्ग पाहिला असं मला वाटत नाही. किल्ल्याने आरमार राखलं हे खरंच, पण ते आरमार तयार व्हायचं या गोदीत.

आणि ‘१७५६ ला मराठ्यांचं आरमार संपलं’ हे वाक्यही आता पुरे. विजयदुर्गावर पेशव्यांचं आरमार नंतरही होतं, धुळपांच्या हाताखाली. १७८३ च्या एप्रिलमध्ये आनंदराव धुळपांनी रत्नागिरीच्या समुद्रात कंपनीचं ‘रेंजर’ आणि त्याच्या सोबतची जहाजं लढून पकडली. सत्तावीस वर्षांनीही, उघड्या पाण्यात, चढाईला गेल्यावर, घुराब आणि गलबत भारी पडत होतं. हरलो ते बांधून पडल्यावर, हे माझं म्हणणं यामुळे जास्तच पक्कं होतं.

इथून पुढचा भाग तुमच्या किल्ल्यावर दिसत नाही, तो मुंबईत आहे, पण दोन मिनिटं द्यावीत असा आहे. आंग्र्यांशी झुंज चालू असतानाच, १७३६ मध्ये, कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराला मुंबईच्या गोदीत आणलं. पुढे त्यांच्या घराण्याने सागवानाची अशी जहाजं बांधली की इंग्लंडच्या आरमाराने ती मागून घेतली. ‘कॉर्नवॉलिस’ मुंबईचं, १८१३ चं. १८४२ मध्ये चीनबरोबरच्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या त्याच्यावर. ‘एशिया’ मुंबईचं, १८२४ चं. १८२७ मध्ये ग्रीसच्या नवारिनोच्या उपसागरात तुर्की-इजिप्शियन आरमार बुडालं तेव्हा इंग्रज सेनापतीचं जहाज हेच होतं, आणि निव्वळ शिडांच्या जहाजांची ती शेवटची मोठी लढाई. शिडाच्या युगाचा शेवट मुंबईच्या गोदीत घडलेल्या सागवानावरून झाला, हे आपल्या मुलांना कोणीच सांगत नाही.

त्याच गोदीत १८२९ मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट तयार झाली. मार्च १८३० मध्ये मुंबईहून निघून ती ३३ दिवसांत सुएझला पोचली. केबिनी कोळशाने भरलेल्या. लढाऊ जहाज म्हणून तिची किंमत शून्य. पण वारा पडला तरी ती चालत होती, आणि ज्या दुपारच्या शांत हवेवर आंग्र्यांचं सगळं गणित उभं होतं ते गणित तिथे मिटलं. कोळशाने नकाशाही बदलला. १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन घेतलं, त्यामागे आगबोटींना कोळसा भरायला ठाणं हवं हे मोठं कारण होतं. चीनच्या लढाईत तर आगबोटी मोठ्या शिडाच्या जहाजांना दोर लावून नद्यांतून ओढत नेत होत्या, म्हणजे गलबताचंच काम, फक्त वल्ह्यांच्या जागी चाक.

फुटणाऱ्या गोळ्याचं पुढे काय झालं तेही ऐका, कारण विजयदुर्ग जाळला तो त्यानेच. नोव्हेंबर १८५३ मध्ये सिनोपच्या बंदरात रशियनांनी नांगरलेलं तुर्की आरमार अशाच गोळ्यांनी जाळलं, आता उखळीतून न उडवता सरळ तोफेतून मारून. त्यानंतर लाकडी लढाऊ जहाजाचे दिवस भरले. फ्रान्सचं ‘ग्लॉयर’, इंग्लंडचं ‘वॉरियर’, लोखंडी पत्र्याचं चिलखत. मुंबई बंदराच्या रक्षणाला १८७० च्या सुमारास ‘मॅग्डाला’ आणि ‘अॅबिसिनिया’ अशी दोन जहाजं आली, शिडं नाहीत, फिरत्या बुरुजात तोफा. तोफ फिरवायला जहाज फिरवायची गरज राहिली नाही. कुशीतल्या तोफांचा जो दोष आंग्र्यांनी हेरला होता तो दूर व्हायला सव्वाशे-दीडशे वर्षं लागली.

आता १९७१. नौदल दिन ४ डिसेंबरला असतो आणि २०२३ मध्ये तो सिंधुदुर्गाच्या साक्षीने मालवणला साजरा झाला, त्यामुळे हा धागा ओढूनताणून आणलेला नाही. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर गेल्या त्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या रशियन बनावटीच्या क्षेपणास्त्र नौका. वजन साधारण दोनशे टन. घुराबेचं वजन वर दिलंय, ताडून बघा. या नौका रशियातून आल्या तेव्हा एवढं वजन उचलेल अशी क्रेन मुंबईत नव्हती, म्हणून कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून दोर लावून ओढत मुंबईला आणल्या. पल्ला कमी, समुद्र खवळला तर हाल. किनाऱ्याच्या रक्षणासाठी घेतलेल्या या होड्या चढाईला न्यायच्या, ही कल्पना नौदलाची. सोबत ‘किलतान’ आणि ‘कच्छल’ ही मोठी जहाजं होती.

प्रत्येक नौकेवर चार क्षेपणास्त्रं, पल्ला चाळीसेक किलोमीटर. चार वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १९६७ मध्ये, इजिप्तच्या अशाच छोट्या नौकांनी इस्रायलचं ‘एलात’ हे लढाऊ जहाज बुडवून जगातल्या सगळ्या आरमारांची झोप उडवली होती. कराचीबाहेर ‘निर्घात’ने ‘खैबर’ या विनाशिकेवर क्षेपणास्त्र सोडलं. ‘खैबर’वरच्या लोकांना आकाशात उजेड येताना दिसला आणि त्यांना ते विमान वाटलं. त्यांनी विमानविरोधी तोफा चालवल्या, संदेशही पाठवला की शत्रूच्या विमानाने हल्ला केला आहे. कोणत्या हत्याराने आपण मरतोय हेच त्यांना कळलं नाही. ‘खैबर’ बुडाली, ‘वीर’ने ‘मुहाफिज’ हा सुरुंग काढणारा बुडवला, ‘निपात’च्या क्षेपणास्त्रांनी आणखी दोन जहाजं निकामी केली. आपल्या बाजूला एक माणूस गेला नाही.

पण इथे थांबू नका. पाचव्याच दिवशी, ९ डिसेंबरला, दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ‘खुकरी’ पाणबुड्या शोधण्यासाठीच बांधलेली होती, पण फ्रान्समध्ये बनलेली ती नवी पाणबुडी तिच्या कानांपेक्षा तरबेज निघाली. एकाच आठवड्यात एका तंत्राने आपल्याला जिंकवलं आणि दुसऱ्याने रडवलं. कराचीचा जल्लोष सांगून ‘खुकरी’ गाळणं मला बरं वाटत नाही.

आजचं एका परिच्छेदात. एप्रिल २०२२ मध्ये रशियाचं ‘मॉस्कवा’ हे मोठं लढाऊ जहाज काळ्या समुद्रात बुडालं, किनाऱ्यावरून सुटलेल्या युक्रेनच्या क्षेपणास्त्रांनी, आणि त्या युक्रेनकडे तेव्हा सांगण्यासारखं मोठं लढाऊ जहाज उरलेलं नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये ‘केम प्लुटो’ या रसायनवाहू जहाजावर ड्रोन आदळला, तो आपल्याच अरबी समुद्रात, आणि ते जहाज तपासणीला मुंबईत आलं. सहलीतल्या दहावीच्या पोराला ड्रोन समजतो. त्याला घुराब समजायला किती वेळ लागेल?

म्हणून मागणं असं. विजयदुर्गावर घोळका पश्चिमेच्या तटावर न्याच, पण त्याआधी उत्तरेला, खाडीच्या बाजूला उभा करा. खाली बोट दाखवा, आरमार इथे बांधलेलं होतं, वॉटसन इथून शिरला. मतलई आणि खारा वारा समजावून सांगा, दुपारी तो अंगाला लागतोच. घुराबेचं लाकडी प्रतिरूप कोणीतरी करून ठेवायला हवं. नुसती शोभेची होडी नको, नाळेवरच्या तोफा, वल्ह्यांच्या जागा, तळाची खोली मापात दाखवणारं हवं. जुन्या होड्या बांधणारे कारागीर आपल्या किनाऱ्यावर अजून आहेत, मंडळांनी वर्गणी काढली तर माझीही आहे. गिर्येच्या गोदीपाशी बस थांबवा, ओहोटीची वेळ बघून जा म्हणजे तळ दिसेल. सुवर्णदुर्गावर दारूकोठाराचा स्फोट सांगा. खांदेरीला जाणाऱ्यांनी मुलांना हेही सांगावं की ‘खांदेरी’ आज नौदलाची एक पाणबुडी आहे, माझगावात बांधलेली.

पेशव्यांबद्दल तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा, माझी हरकत नाही. फक्त त्या उखळी गोळ्याच्या नंतर म्हणा.

कोणाला यातलं काही खटकलं तर किल्ल्यावर गाठा, बोलू. पावसाळ्यात मी घरीच असतो, नारळी पौर्णिमेनंतर बहुतेक रविवारी विजयदुर्गाच्या जेटीवर सापडेन.

आपला,
गोदीतून निवृत्त झालेला एक फिटर
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग